चित्र विकलं गेलं, मग पुढे काय?

चित्रकाराला समाधान कधी मिळतं असं कुणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं, चित्र पूर्ण झालं की. माझं तरी तसं होत नाही बुवा. चित्र पूर्ण झाल्यावर एखाद-दोन दिवस मस्त जातात, घरात येता-जाता मुद्दाम त्याच्याकडे बघणं होतं, मग हळूहळू त्यातलं न जमलेलंच दिसायला लागतं आणि शेवटी ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं जातं. विकलं गेलं तर आनंद होतो, खोटं कशाला बोलू, पण तो पैसे खात्यात आल्यावर होतो तेवढाच. लाइक्सचं तर बोलायलाच नको.

मग माणूस वर्षानुवर्षं हे करत का राहतो? याचा विचार करताना मला नेहमी अमूर्त चित्रं काढणारे चित्रकार वासुदेव गायतोंडे आठवतात. १९२४ चा जन्म, लहानपण गिरगावच्या चाळीत, १९४८ ला मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टचा डिप्लोमा, नंतर दिल्लीत निजामुद्दीनच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, एकट्याने मुक्काम. वर्षाला पाच-सहा चित्रं, बस्स! बाकीचा वेळ कॅनव्हासकडे बघत बसणं, विचार करणं. रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवायचे, ओल्या रंगावर कागदाचे तुकडे ठेवून दाबायचे, थोडा रंग उचलायचा, परत थर. १९८४ ला अपघात झाला आणि मोठे कॅनव्हास कित्येक वर्षं बंद झाले, तर त्या काळात कागदावर शाईने छोटी कामं केली.

लोकांना त्यांचं काय माहीत असतं, तर २०१३ ला मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३.७ कोटींना गेलं ते. २०१४ ला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात मोठं प्रदर्शनही झालं. पण ते गेले २००१ मध्येच. म्हणजे ज्याला आपण 'सक्सेस' म्हणतो त्यातला सगळ्यात मोठा भाग त्यांनी पाहिलाच नाही, आणि तरी वर्षानुवर्षं उजेड, रंग आणि पृष्ठभाग या तीनच गोष्टींचा पिच्छा त्यांनी सोडला नाही. मला वाटतं खरं सुख तिथेच आहे, कधीच संपणार नाही असा एक प्रश्न सापडण्यात. चित्रं संपतात, तो संपत नाही.

(त्यांच्यासारखं एकटं राहायला मात्र मला कुणी सांगू नका, मला घर आहे, माणसं आहेत, आणि कलाकाराने फाटकंच राहिलं पाहिजे या रोमँटिक कल्पनेचा मला मनापासून राग येतो.)

माझा प्रश्न तसा साधाच आहे, सावलीतला दगड. मी जलरंगात काम करतो, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर बऱ्याचदा जाऊन बसतो. सकाळचं ऊन पायऱ्यांवर तिरकं येतं तेव्हा उन्हातला भाग सोपा असतो, कागद कोराच ठेवायचा, झालं. पण सावलीतला काळा पाषाण काळा नसतोच मुळी, त्यात आकाशाचा निळा असतो, पाण्यावरून आलेला हिरवट उजेड असतो, खाली कुठेतरी तांबूसही असतं. नुसता करडा लावला की सिमेंट दिसतं. आणि जलरंगात दुसरा चान्स जवळजवळ नसतोच, वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) दिला की कागदावरची चकाकी कमी व्हायची वाट बघायची, ती जायच्या बेतात असते त्या क्षणी ब्रश टेकवायचा, लवकर टेकवला तर सगळं पसरतं, उशीर झाला की मध्येच फुलकोबीसारखे डाग उठतात. त्या अर्ध्या-एक मिनिटात मला हप्ता, व्हॉट्सअॅप, कोण काय म्हणेल, काहीच आठवत नाही. जमेल की नाही ते नंतरचं.

घर चालतं ते मात्र ऑर्डरप्रमाणे केलेल्या पोर्ट्रेटवर, त्याबद्दल मला अजिबात कमीपणा वाटत नाही. मोबाइलवरचा अंधुक फोटो पाठवतात आणि वर "आईला जरा गोरं करा हं" असा मेसेज असतोच. करत नाही मी, समजावून सांगतो, कधी ऑर्डर जाते कधी राहते. पण त्वचेच्या सावलीतही तीच गंमत आहे, गालाखाली निळसर, कानापाशी तांबूस, त्यामुळे पोटासाठीचं काम आणि स्वतःचं काम अशा दोन वेगळ्या खोल्या माझ्या डोक्यात आता उरलेल्या नाहीत. 'पॅशन फॉलो करा' सांगणारे हे कुणी सांगत नाहीत, नोकरी सोडा एवढंच सांगतात.

सध्या पाऊस आहे, कृष्णेला पाणी चढलंय आणि हवेत इतका दमटपणा की वॉश वाळता वाळत नाही. म्हणून घरीच जुन्या कागदांच्या मागच्या बाजूला अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस) यांची वेगवेगळी मिश्रणं करून बघतोय, अल्ट्रामरीन दाणेदार बसतो त्यामुळे दगडाचा खरखरीतपणा आपोआप येतो. निळा जरा जास्त पडला की मात्र सावली थंडगार होते. तांबूस किती घालायचा ते अजून जमत नाहीये, कुणी जलरंगवाले वाचत असाल तर सांगा.