नाल्यात चढलेले वैनगंगेचे पाणी

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा ब्रह्मपुरी तालुक्यातील अनेक गावांत पाणी शिरले. त्यांपैकी एका गावाच्या पुराचे संगणकीय प्रारूप तयार करण्याचे काम पुढे माझ्याकडे आले. हे गाव थेट नदीवर नाही, नदीला मिळणाऱ्या नाल्याच्या काठी आहे. आधीच्या एका अभ्यासात केवळ नाल्याच्या पाणलोटातील पाऊस धरला होता आणि नाल्याचे पाणी आपल्या उताराने विनाअडथळा नदीत जाते, असे मानले होते. त्या गणितात गाव कोरडे राहत होते.

पूरखुणांची मोजणी सुरू होताच एक वयस्क शेतकरी म्हणाले, "पानी वरून नाई आला जी, खालून चढला." दुपारपर्यंत लेव्हल यंत्राने तेच दाखवले. वाहत्या पुराच्या खुणा प्रवाहाच्या दिशेने उतरत जातात. येथे मात्र नदीकडच्या घरांवरील आणि गावाच्या वरच्या टोकाच्या भिंतींवरील डाग जवळजवळ एकाच पातळीत होते. नाल्याकाठच्या बाभळींनाही एका बाजूने अडकलेला काडीकचरा नव्हता, सगळीकडे बारीक गाळ सारखा बसला होता. हे पाणी वाहत आलेले नव्हते, ते फुगले होते.

संथ प्रवाहात पाण्याची उंची खालच्या बाजूने ठरते, हा जलगतिकीचा मूलभूत नियम आहे. म्हणून एचईसी-रास या पुराचे गणित करणाऱ्या संगणकप्रणालीत नाल्याच्या मुखाशी ठरावीक उतार न देता नदीची तासागणिक बदलणारी पातळी दिली. उपग्रहावरून मिळालेल्या जमिनीच्या उंचीच्या नकाशात काही मीटरची चूक सहज असते आणि झाडांचे शेंडेही जमीन म्हणून मोजले जातात. सपाट धानपट्ट्यात एवढ्या चुकीने अख्खे गाव बुडते किंवा वाचते. त्यामुळे नाल्याचे छेद, बांध्यांच्या धुऱ्या (धानशेतांचे बांध) आणि रस्त्याची उंची आम्ही प्रत्यक्ष मोजून घातली. मॅनिंगचा खडबडीतपणाचा गुणांक, म्हणजे जमीन व झाडझाडोरा प्रवाहाला किती अडवतात याचा आकडा, बदलून पाहिला, पण येथे त्याने फारसा फरक पडला नाही, कारण पाणी जवळपास उभेच होते. नाल्यावर पावसाचा एक थेंबही न टाकता प्रारूपातील पाणी भिंतींवरच्या डागांपर्यंत चढले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट मला वेळेच्या आलेखात दिसली. पहिल्या घरात पाणी शिरण्याच्या कितीतरी आधी, उंचावरच्या शाळेकडे जाणारा रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, बुडत होता. गावात ऊन असेल, नाला शांत दिसत असेल, आणि तरीही बाहेर पडण्याची वाट बंद झालेली असेल. गावातील पावसावर आधारलेला इशारा अशा ठिकाणी निरुपयोगी आहे, असे मी अहवालात स्पष्ट लिहिले. येथील इशारा नदीच्या पातळीशी आणि वरच्या बाजूच्या गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याशी जोडला पाहिजे, तसेच म्हातारी माणसे व जनावरे हलवण्याची वेळ घरांच्या नव्हे, रपट्याच्या उंचीवरून ठरली पाहिजे. ग्रामपंचायतीत नकाशा दाखवला, तेव्हा सरपंचताईंनी पहिला प्रश्न रपटा किती उंच करावा लागेल, हाच विचारला.