ज्याला स्वतःला वाचवता आलं नाही, त्याच्याकडे काय मागता?

मी वसईचा, ख्रिस्ती. नवीन ओळखीत लोक आधी नाताळच्या केकची चौकशी करतात. ओळख जरा मुरली की मग अडखळत हा प्रश्न येतो. ऑफिसातल्या एका बाईंनी विचारला, सोसायटीतल्या काकांनी विचारला, आमच्या भाचीने तर जेवताना भर पंगतीत विचारला: "तुमच्या त्या गोन्सालो गार्सियाला क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं ना? मग अडचणीत त्याला साकडं कसलं घालता? ज्याला स्वतःला वाचवता आलं नाही, तो तुम्हाला काय वाचवणार?"

प्रश्न खवचट वाटतो, पण विचारणारे बहुधा खवचट नसतात. आणि तो नवाही नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात क्रुसाखाली उभे राहिलेले याजक आणि शास्त्री येशूला हेच हिणवतात: याने दुसऱ्यांना वाचवलं, याला स्वतःला वाचवता येत नाही. म्हणजे आमच्या धर्माला हा प्रश्न अगदी पहिल्या दिवसापासून चिकटलेला आहे. तुम्ही विचारलंत म्हणून मला जमेल तसं उत्तर देतो. मी धर्मगुरू नाही, तेव्हा यात शास्त्र कमी आणि घरचं जास्त येईल.

आधी माणूस कोण होता ते बघू. सोळाव्या शतकाच्या मध्यावरची वसई, पोर्तुगीजांच्या ताब्यातली. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतला तोच किल्ला. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. किल्ल्यात जेझुइट नावाच्या ख्रिस्ती धर्मसंघाच्या लोकांची शाळा होती, तिथे पोरगा शिकला आणि कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला. जपानी भाषा इतकी आत्मसात केली, की आठेक वर्षं तो तिथे लोकांना धर्मशिक्षण देत होता. त्याला जेझुइट व्हायचं होतं. त्यांनी काही त्याला संघात घेतलं नाही. काम चालत होतं, माणूस चालत नव्हता. शेवटी त्याने तो नाद सोडला आणि व्यापारात पडला. धंदा चांगला चालला, पण मन रमेना. मनिलाला गेला आणि तिथे फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात शिरला, तोही फादर म्हणून नाही, साधा ब्रदर म्हणून.

१५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कनाला वकील म्हणून जपानच्या सत्ताधीशाकडे, टोयोटोमी हिदेयोशीकडे पाठवलं. बरोबर दुभाष्या म्हणून आमचा गोन्सालो. हिदेयोशीपुढे बसून एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं, हे त्याचं काम. त्यानंतर क्योटोत मठ उभा राहिला, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय निघालं.

आणि मग १५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचं एक स्पॅनिश गलबत मनिलाहून मेक्सिकोकडे जाताना वादळात सापडून शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागलं. मालाने खच्चून भरलेलं होतं. हिदेयोशीच्या माणसांनी माल जप्त केला. वाद पेटला, कुणीतरी स्पेनच्या ताकदीची फुशारकी मारली, कुणीतरी कान भरले, पोर्तुगीज आणि स्पॅनिश यांच्यातली जुनी कुरबुर होतीच. गलबताशी काडीचा संबंध नसलेल्या क्योटो-ओसाकातल्या फ्रान्सिस्कनांवर डिसेंबरात पहारे बसले.

चर्चमधल्या प्रवचनात हा भाग दोन वाक्यांत उरकतात आणि थेट श्रद्धेवर येतात. मला ते पटत नाही. गोन्सालोच्या मरणात धर्माइतकाच माल होता, राजकारण होतं, धाक बसवायचा हेतू होता. अन्याय बहुधा असाच असतो. तुमच्यावर कुणाचा राग असतो म्हणून नव्हे, तर कुणाचा तरी हिशेब जुळवायचा असतो आणि तुम्ही हाताशी सापडता.

१५९७ च्या जानेवारीत त्यांना क्योटोत आणून कान कापले. हुकूम नाक आणि दोन्ही कान कापायचा होता. अधिकाऱ्याने तो डाव्या कानावर निभावून नेला. मला हा अधिकारी फार ओळखीचा वाटतो. शिक्षा चुकीची आहे हे त्याला कळतं, ती थांबवायची हिंमत होत नाही, म्हणून तो ती थोडी कमी करतो. मग गाड्यांतून क्योटो, ओसाका, साकाई अशी धिंड, आणि तिथून ऐन थंडीत महिनाभराची वाट तुडवत नागासाकी. ५ फेब्रुवारीला निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे होते. खिळे नव्हते, लोखंडी कड्या आणि दोर होते. शेवट भाल्यांनी. सव्वीसांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट, बाकी सतरा साधे जपानी श्रद्धावंत. सगळ्यांत लहान मुलगा बारा वर्षांचा.

त्यातले दोघे तर मुळात यादीतही नव्हते. यादी होती चोवीसांची. पेत्रो सुकेजिरो आणि फ्रान्सिस नावाचा एक सुतार, हे वाटेत कैद्यांची सेवा करत बरोबर चालत राहिले, म्हणून पहारेकऱ्यांनी त्यांनाही बांधलं. मारल्या गेलेल्यांच्या यादीत ते असे आले. या दोघांचा मी पुढे पुन्हा उल्लेख करणार आहे.

आता घरचं. माझे बाबा एका पतसंस्थेत रोखपाल होते. नाव सांगत नाही, गरज नाही. एका वर्षी तूट निघाली आणि तुटीच्या व्हाउचरवर बाबांची सही निघाली. कारणे दाखवा नोटीस, निलंबन, आरोपपत्र, निर्वाह भत्ता, चौकशी, पुढची तारीख. हे सगळे शब्द मी शाळेत असताना स्वयंपाकघरात ऐकून शिकलो. गावात कुणी तोंडावर काही बोललं नाही. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात दहा मिनिटं गप्पा व्हायच्या, त्या दोन मिनिटांवर आल्या, एवढंच.

आमच्या आल्तारावर, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यात, मारियामातेच्या शेजारी गोन्सालोची तसबीर आहे. तपकिरी झगा, हातात क्रूस. त्या तसबिरीमागे बाबांची फाइल असायची, हिरव्या पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली. मुद्दाम नव्हे, दुसरीकडे कुठे ठेवली की लहान भाऊ त्यावर चित्रं काढायचा. रोज संध्याकाळी जपमाळ व्हायची आणि शेवटी आई संताचं नाव घ्यायची: आम्हांसाठी विनंती कर.

हे नीट ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात आहे. आम्ही संताला "दे" म्हणत नाही, "आमच्यासाठी माग" म्हणतो. देणारा देव. संत आपल्याच रांगेतला, फक्त पुढे पोचलेला. आता आमच्या म्हाताऱ्या बायका यात फार काटेकोर असतात असं मी म्हणणार नाही. नवस होतात, कबुलीजबाब होतात, काम झालं नाही तर संतावर रुसणंही होतं.

उरलेलं निम्मं उत्तर मला नोव्हेनाच्या दिवसांत मिळालं. सणाआधीच्या नऊ दिवसांत विनंत्यांच्या चिठ्ठ्या टाकायला पेटी ठेवतात. एका वर्षी आईने चिठ्ठी लिहिली आणि घडी घालून माझ्याकडे दिली, टाकून ये म्हणून. मी वाटेत उघडून वाचली. वाचू नये, पण वाचली. मला वाटलं होतं, नोकरी परत मिळू दे असं असेल. चिठ्ठीत होतं: "यांना रात्री जेवण जाऊ दे."

एवढंच. ज्याचा छळ झाला नाही अशा संताकडे ही चिठ्ठी टाकता येत नाही. सैतानाला भाला मारणाऱ्या, सापांना पिटाळणाऱ्या, वादळ शमवणाऱ्या संतांकडे मोठी कामं न्यावीत. पण खोट्या आरोपात माणसाला नक्की काय होतं, जेवण का जात नाही, दाराची कडी वाजली की छातीत काय होतं, हे ज्याला सांगावं लागत नाही असा कुणीतरी लागतो. बाबा एकदाच यावर बोलले. म्हणाले, "फादरांना सगळं समजावून सांगावं लागतं. याला लागत नाही."

तुम्ही वारकरी घरातले असाल तर तुम्हाला हे मी सांगायची गरज नाही. ज्ञानेश्वर भावंडांना वाळीत टाकलं, चोखोबांना देवळात घेतलं नाही, तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या. त्यांना स्वतःला वाचवता आलं नाही म्हणून कुणी त्यांचे अभंग म्हणायचे थांबलं का?

बरं, ही फक्त वसईची भाबडी समजूत आहे असंही नाही. गोन्सालोचे सर्वांत अटीतटीचे भक्त वसईत नव्हतेच. ते होते ब्राझीलमध्ये, रेसिफे शहरात. तिथे गोरा बाप आणि काळी आई अशा मिश्र रक्ताच्या लोकांना पार्दो म्हणत. त्यांना मानाच्या जागा बंद, कितीतरी धार्मिक बंधुसंघांची दारं बंद, वर जन्मावरून टोमणे. त्यांनी शोधून शोधून कुणाला निवडलं? वसईच्या गोन्सालोला, कारण त्याची आईही गोरी नव्हती. १७४५ मध्ये त्यांनी रेसिफेत त्याचा प्रचंड थाटाचा सण केला. तेव्हा तो संत झालेलाही नव्हता, १६२७ पासून नुसता 'धन्य', म्हणजे संतपदाच्या एक पायरी खाली होता. लोक म्हणू लागले, पार्दो माणूस वेदीवर कसा बसेल, हा पार्दो नसणारच. तेव्हा जाबोआताव नावाच्या फ्रान्सिस्कनाने भर सणात लांबलचक प्रवचन करून सिद्ध केलं, की हा पार्दोच, आणि त्या रंगात कमीपणा काही नाही. वसईतल्या एका अनाम बाईच्या रंगाचा पुरावा अटलांटिकपलीकडच्या अपमानित लोकांच्या कामी आला. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी आईला सांगितली. ती म्हणाली, "त्याच्या आईचं नाव काय होतं?" ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

नागासाकीतही तेच. १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर आलेल्या बंदीनंतर तिथल्या ख्रिस्ती लोकांनी अडीचशे वर्षं फादरांशिवाय, चर्चशिवाय, लपून धर्म टिकवला. १८६२ च्या ८ जूनला नववे पायस पोप यांनी सव्वीसांना संत जाहीर केलं, त्यांच्याच नावाने नागासाकीत ओउरा इथे चर्च बांधलं, आणि १८६५ च्या मार्चमध्ये उराकामी गावची काही माणसं त्या चर्चमध्ये येऊन फ्रेंच धर्मगुरूला हळूच म्हणाली, आमचं मन तुमच्यासारखंच आहे. त्याचं बक्षीस काय मिळालं? गावच्या गाव पकडून तीन हजारांहून जास्त लोकांना देशभर हद्दपार केलं. बंदी उठली १८७३ मध्ये. संताने त्यांना वाचवलं का, याचं सरळ उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

एक राग मात्र आहे, तोही सांगतो. "संतांनी सोसलं, तुम्हीही सोसा" हे वाक्य मी व्यासपीठावरून ऐकलंय, आणि म्हणणारा बहुतेक वेळा न सोसणारा असतो. खुद्द बाबांना एका भल्या गृहस्थाने सल्ला दिला होता, की चूक नसली तरी रक्कम भरून टाका, शांतता मिळेल, प्रभूही गप्प राहिला होता. बाबांनी चहा पाजला आणि रक्कम भरली नाही. गोन्सालो गप्प बसणाऱ्यांतला नव्हताच, बोलणं हाच त्याचा पेशा होता. त्याचं नाव घेऊन कुणाला गप्प करणं मला तरी सहन होत नाही.

आणि एक बारीकसा राग वसईकर म्हणून. जगभरच्या ख्रिस्तसभेत ६ फेब्रुवारीला हा सण असतो, पण त्याचं नाव 'संत पॉल मिकी आणि सोबती'. भारतात जन्मलेला पहिला संत, १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आमच्या वसई धर्मप्रांताचा आश्रयदाता, आणि तिकडे तो 'सोबती' मध्ये. अर्थात मिकीही मोठाच, त्या सव्वीसांतला जपानी जेझुइट, क्रुसावरून प्रवचन दिलेला माणूस. तरी पण.

त्या वाटेतल्या दोघांचं राहिलं. बाबांच्या निलंबनाच्या काळात संस्थेतलं कुणी आमच्या घरी फिरकलं नाही. एक शिपाईमामा तेवढे यायचे, रविवारी, सायकलला वालाच्या शेंगांची पिशवी अडकवून. त्यांना वरून तंबी मिळाली होती. तरी यायचे, ओटीवर बसायचे, कोरा चहा घ्यायचे आणि पावसापाण्याचं बोलून जायचे. ते हिंदू, त्यांना गोन्सालो माहीत असायचं कारण नाही. पण सुकेजिरोचं नाव ऐकलं की मला त्या शेंगाच आठवतात. ज्याच्या सहीवरून प्रकरण उठलं ते व्हाउचर ज्या तारखेचं होतं, त्या दिवशी बाबा मावशीच्या मयताला गेले होते. जुनं हजेरीपत्रक माळ्यावरच्या कपाटात पडलंय, हे शिपाईमामांनीच सांगितलं. नव्या लेखापरीक्षकाने ते काढायला लावलं. त्या रकान्यात लाल शाईने रजेचा 'र' होता.

बाबा कामावर परत गेले. थकीत पगार हप्त्याहप्त्याने मिळाला. माफी कुणी मागितली नाही. त्या वर्षी आईने चर्चला सणासाठी जरा जास्तच पैसे दिले, आणि बाबा पेढ्यांचा एक पुडा लेखापरीक्षकाकडे आणि एक शिपाईमामांकडे देऊन आले. आमच्याकडे यावर अजून वाद आहे. आई म्हणते, हजेरीपत्रक संताने शोधून दिलं. बाबा म्हणतात, मामांनी. आई म्हणते, मग मामांना रविवारी कोण पाठवत होतं? बाबा पेपर उघडतात.