बिगुलातून पहिला सूर

सातवीत असताना शाळेच्या बँडपथकात माझी निवड झाली, तीही बिगुलासाठी. त्याआधी मुलींच्या वाट्याला झांज नाहीतर ट्रँगल यायचं, त्यामुळे मला आभाळ ठेंगणं झालं होतं. पण सरांनी हातात बिगुल दिलंच नाही. दिला तो नुसता माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचा बोटभर लांबीचा तुकडा. म्हणाले, "आठवडाभर हाच. घरी फुंकत बस, पण गाल फुगवायचे नाहीत."

गाल फुगवले नाहीत, पण जोर इतका लावला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. बाहेर पडायची ती नुसती हवा. बिगुल जोरात फुंकलं की वाजतं, असंच मला वाटायचं. खरं तर ते वाजतं ओठांच्या थरथरीनं. हवा फक्त ती थरथर चालू ठेवते. सरांनी दाखवलं, "'म' म्हणताना ओठ मिटतात, तसे मिट. कोपरे घट्ट धर आणि मधून हवा जाऊ दे." पाचव्या दिवशी संध्याकाळी गोठ्यापाशी ओठांना एकदम मुंग्या आल्या आणि माशी गुणगुणावी तसा आवाज निघाला. मी पळत घरात गेले आणि आईसमोर तो पुन्हा काढायला बघितला, तर निघेना. दुसऱ्या दिवशी निघाला, मग रोज निघायला लागला.

बिगुल हातात आलं आणि नवीच अडचण. त्याला ना कळा, ना भोकं. बोटांना कामच नाही. ओठ किती ताणायचे, यावर सूर बदलतो. माझ्याकडून एकच सूर निघायचा, वरचा लागायचाच नाही.

ती सोडवली आमच्या आप्पांनी, म्हणजे आजोबांनी. त्यांची भजनाची पेटी होती. माझा सूर ऐकून त्यांनी पट्ट्या चाचपल्या आणि म्हणाले, "काळी पाच आहे गं तुझी." म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी. तो सा धरून आम्ही बाकीचे सूर शोधले. खालचा सा, प, वरचा सा, त्यावरचा ग आणि त्यापुढचा प. बस्स, एवढेच. आमच्या पथकाच्या सगळ्या धुना या पाच सुरांतच होत्या. रे, म, ध, नी नाहीतच! आप्पा पेटीवर ग दाबून धरायचे आणि म्हणायचे, "आधी हा गा." मी गायचे, मग बिगुल ओठांना लावायचे, आणि ओठ बरोबर तिथं जायचे. पंधरा दिवसांत ग पक्का झाला. सूर आधी कानात बसावा लागतो, हे मला सरांपेक्षा त्या पेटीनं जास्त शिकवलं.

चालत वाजवणं वेगळंच. मोठ्या ड्रमच्या ठोक्यावर डावा पाय पडला पाहिजे, आणि पाय आपटला की माउथपीस दातांवर बसतो.

२५ जानेवारीला उत्साहाच्या भरात मी दोन तास वाजवत बसले. सकाळी उठले तर ओठ सुजलेले. त्यात मैदानावर कडाक्याची थंडी, आणि गार पितळ सुराला खाली उतरतं. सरांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, रागावले नाहीत. "आता वाजवू नकोस. नुसती ऊब दे त्याला, श्वासानं. आणि वरचा प सोड, तो बाकीचे धरतील." मी प आला की बिगुल ओठांना तसंच लावून गप्प राहिले. ग मात्र एकदाही चुकला नाही.

झेंडा वर गेला. राष्ट्रगीत आमच्या बिगुलांवर वाजूच शकत नाही, त्यात रे लागतो, म लागतो. ते आम्ही गायलो. ५२ सेकंद बिगुल कमरेशी धरून उभी होते आणि आतलं पाणी थेंबथेंब बुटावर पडत होतं.

जूनमध्ये पाचवी-सहावीची नवी मुलं आली. सरांनी माझ्या हातात सहा माउथपीस दिले आणि म्हणाले, "आधी गरम पाण्यानं धू, मग यांना 'म' म्हणायला लाव."