डबल-क्लिक केलं आणि यादी गेली

म्युझिक प्लेअरवरची भांडणं आवाजाच्या दर्जावरून होत असतील, असं बाहेरून वाटतं. होतातही. पण सगळ्यात जुनं भांडण एका डबल-क्लिकचं आहे. खपून रांग लावलीय, ती वाजतेय, आणि मध्येच फोल्डरमधल्या एखाद्या फाइलवर डबल-क्लिक केलं. आता रांग पुसून ते गाणं लागावं, की त्यानं गुपचूप रांगेच्या शेवटी जाऊन बसावं?

विनॅम्प हा जुना प्लेअर पुसणाऱ्यांच्या पक्षातला. ज्यांना ते नको त्यांच्यासाठी राइट-क्लिकमध्ये ‘एन्क्यू’ (रांगेत टाकणं) होतं, आणि प्रेफरन्सेसमधल्या फाइल टाइप्सच्या पानावर डबल-क्लिकलाच एन्क्यू करायला लावणारी खूण होती. ती खूण तिथे आहे हे किती जणांना कळलं, हा वेगळा प्रश्न. फूबार२००० चा तोडगा जास्त बरा आहे: शेल इंटिग्रेशनच्या पानावर ‘ऑलवेज सेंड टु प्लेलिस्ट’ला टिक करून एक नाव द्यायचं. बाहेरून उघडलेलं सगळं त्या एकाच यादीत पडतं, लावलेली यादी शाबूत राहते. क्लेमेंटाइनमध्ये यादीचं काय करायचं आणि लगेच वाजवायला लागायचं का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारलेत. ते खरोखरच वेगळे आहेत. बहुतेक प्लेअर त्यांची मोट बांधतात, आणि निम्मी कटकट तिथूनच सुरू होते.

मूळ सेटिंग, म्हणजे आपण काही न बदलता जे असतं ते, कुठलं असावं यावर वाद घालणाऱ्यांनी आधी एक बघावं: चुकलं तर परत फिरता येतं का? फूबार आणि क्लेमेंटाइनमध्ये पुसलेली यादी कंट्रोल-झेडनं परत येते. ती सोय असेल तर डबल-क्लिक काहीही करो. नसेल, तर पुसणं हे मूळ सेटिंग असूच नये.

‘मग सगळ्याचीच सेटिंग्ज द्या ना’ हा सोपा उपाय वाटतो. ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपवर काम करणाऱ्या हॅवॉक पेनिंग्टननं २००२ मध्येच लिहून ठेवलंय की प्रत्येक प्रेफरन्सची किंमत असते: ती तपासावी लागते, समजावून सांगावी लागते, आणि पाच सेटिंग्जच्या एखाद्या विचित्र मेळातून असा बग निघतो जो लिहिणाऱ्याच्या मशीनवर कधी दिसतच नाही. ग्नोमनं हे मनावर घेतलं, रिदमबॉक्स हा प्लेअर त्याच घरातला. केडीई या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपच्या बाजूला अमारोक होता, भरपूर खिट्ट्या असलेला. पण २००८ च्या अखेरीस अमारोक २ आला तेव्हा लोक खवळले ते खिट्ट्यांवरून कमी, मांडणीवरून जास्त. १.४ मध्ये यादी म्हणजे रुंद तक्ता, हवे ते स्तंभ लावा. २.० मध्ये मधली जागा गायकाच्या माहितीला आणि यादी उजवीकडे अरुंद पट्टीत. गाणी लावायला प्लेअर उघडणाऱ्याला गायकाचं चरित्र कशाला पुढ्यात हवंय? त्या नाराजीतून २०१० मध्ये १.४ च्या वळणाचा क्लेमेंटाइन आला, आणि त्यातून २०१८ मध्ये स्ट्रॉबेरी. विनॅम्पचं आधी हेच झालं होतं. २००२ चं विनॅम्प३ जड म्हणून लोक २ वरच थांबले, आणि कंपनीनं २००३ मध्ये दोन्हींची सांगड घालून थेट ५ काढलं.

आता आवाज. जुन्या तबकड्यांवरून काढलेलं नाट्यपद आणि २००० नंतरचं चित्रपटगीत यांच्या पातळीत १० डेसिबलचा फरक सहज असतो. त्यावरचा उपाय, रीप्लेगेन, २००१ पासून आहे: फाइलचा जाणवणारा आवाज मोजायचा, ८९ डेसिबलच्या संदर्भापासून तो किती दूर आहे ते टॅगमध्ये (फाइलसोबतच्या माहितीत) लिहायचं, आणि वाजवताना तेवढं कमी-जास्त करायचं. मूळ ध्वनीला हात लागत नाही. तरी एमपीडी आणि एमपीव्ही या प्लेअरमध्ये तो मुळात बंद असतो, आणि स्पॉटिफायमध्ये त्याच जातीचं नॉर्मलायझेशन मुळात चालू, नेहमीची पातळी उणे १४ लफ्स (जाणवणारा आवाज मोजायचं एकक). बंद ठेवणाऱ्यांचं म्हणणं, ‘बिटला धक्का लागता कामा नये’, म्हणजे फाइलमधले आकडे जसेच्या तसे बाहेर पडावेत. हे भाबडं आहे. ६ डेसिबल खाली आणलं की साधारण एक बिट जातो. २४ बिटचं आउटपुट असेल तर १६ बिटच्या सीडीचं त्यात काहीच बिघडत नाही. व्हीएलसीचा आवाज १२५ टक्क्यांपर्यंत आणि एमपीव्हीचा १३० पर्यंत चढवता येतो. आधीच काठोकाठ भरलेलं गाणं तिथे चिरकतं, त्याबद्दल मात्र शुद्धतावादी फारसे बोलत नाहीत.

खरा वाद ट्रॅक की अल्बम हा आहे. ट्रॅक गेन प्रत्येक फाइल एका पातळीला आणतो. मग बैठकीतला शांत आलाप उचलला जातो आणि द्रुत दाबली जाते, म्हणजे गायकानं तासभर जे रचलं त्यावर रोडरोलर. अल्बम गेन पूर्ण मैफलीला एकच आकडा लावतो, आतला चढ-उतार तसाच राहतो. फूबारमध्ये फाइल्स निवडून राइट-क्लिक, रीप्लेगेन, आणि ‘स्कॅन ॲज अल्बम्स’ टॅगनुसार. मग प्लेबॅकच्या पानावर सोर्स मोड ‘बाय प्लेबॅक ऑर्डर’ ठेवा: क्रमानं वाजवताना अल्बम, शफलमध्ये ट्रॅक. स्पॉटिफायही हेच करतं. प्रोसेसिंगमध्ये पीक (गाण्यातला सगळ्यात मोठा आवाज) बघून क्लिपिंग, म्हणजे चिरकणं, टाळणारा पर्याय घ्या. आणि टॅग नसलेल्या फाइल्सचा प्रीॲम्प (आवाज सरसकट कमी-जास्त करणारं सेटिंग) उणे ६ ते ८ डेसिबलवर आणा. तो शून्यावर राहिला तर मोजलेली गाणी हळू वाजतात आणि न मोजलेलं एखादं मध्येच कानठळ्या बसवतं. ‘रीप्लेगेन बिघडलाय’ अशी ओरड झाली की बहुतेकदा कारण हेच निघतं.

दोन ट्रॅकमध्ये पडणाऱ्या फटीचा मुद्दा आपल्या संगीताला जास्त लागतो. सीडीवर विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक पाडलेले असतात, पण तानपुरा आणि ठेका मध्ये थांबलेला नसतो. एमपी३ मध्ये ध्वनी ११५२ सॅम्पलच्या (ध्वनीच्या नमुन्यांच्या) चौकटींत बसवावा लागतो. एमपी३ बनवणारा लेम एन्कोडर सुरुवातीला ५७६ सॅम्पल रिकामे घालतो, वाजवताना ती उलगडणारा डीकोडर आणखी ५२९ चा उशीर लावतो. ४४.१ किलोहर्ट्झला हे २५ मिलिसेकंद झाले, वर शेवटची चौकट भरायला घातलेली शांतता वेगळी. तानपुऱ्यात एवढी फट ठसका लागल्यासारखी ऐकू येते. किती कापायचं ते लेम आपल्या टॅगमध्ये लिहून ठेवतो. प्लेअरनं ते वाचलं तर फट नाहीशी होते. फूबार वाचतो, व्हीएलसीचा गॅपलेसशी, म्हणजे फट न पाडता वाजवण्याशी, जुना उभा दावा आहे. फ्लॅक या काही न गाळणाऱ्या फॉरमॅटमध्ये हा प्रश्न मुळातच नाही. मात्र पुढची फाइल आधीच उघडून ठेवायचं काम प्लेअरलाच करावं लागतं.

फट लपवायला क्रॉसफेड लावणं हे औषध रोगापेक्षा वाईट. ५ सेकंदांचा क्रॉसफेड म्हणजे पहिल्या ट्रॅकचे शेवटचे ५ सेकंद आणि दुसऱ्याचे पहिले ५ एकदम. सलग मैफलीत ठेका स्वतःवरच चढतो आणि मात्रा दुहेरी ऐकू येतात. दोन वेगळ्या मैफली असतील तर काळी एक आणि पांढरी चारचे तानपुरे एकमेकांत मिसळतात. पार्टीच्या गाण्यांना क्रॉसफेड हवाच असेल तर खुशाल चालू करावा. मुळात तो बंदच असायला हवा.

शफलबद्दल थोडक्यात. ॲडेलनं मागणी केली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पॉटिफायनं अल्बमच्या पानावरचं मोठं प्ले बटण क्रमानं वाजवणारं केलं, निदान पैसे भरणाऱ्यांसाठी. क्रमानं वाजवणं हे मूळ सेटिंग व्हायला एका गायिकेचा शब्द लागावा, यातच काय ते आलं.

इथवरची सगळी सेटिंग्ज कानापुरती आहेत, आवडली नाहीत तर बदलता येतात. फाइलला हात घालणाऱ्यांचं तसं नाही. विंडोज मीडिया प्लेअर नेटवरून माहिती आणताना फोल्डरमधलं तुमचं मोठं, नीट स्कॅन केलेलं मुखपृष्ठ फोल्डर.जेपीजी या नावाचं असेल तर त्यावर २०० बाय २०० चं चित्र बेधडक लिहायचा. मूळ चित्र गेलं ते गेलंच. म्हणून लोक ती फाइल रीड-ओन्ली करून ठेवत. ॲपलचा म्युझिक ॲप मॅकवर जोडलेल्या फाइल्सची प्रत आपल्या फोल्डरमध्ये करतो. मूळ फाइल सुरक्षित राहते, पण २०० जीबीचा संग्रह असेल तर डिस्क कधी भरली ते कळत नाही. आधी सेटिंग्जमधल्या फाइल्सच्या पानावरची ती टिक काढा, मग फोल्डर जोडा.

याउलट म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हा टॅग भरणारा प्रोग्राम बघा. तुम्ही सेव्ह म्हटल्याशिवाय तो फाइलवर काही लिहीत नाही, आणि नाव बदलणं, फाइल हलवणं मुळात बंद. मराठी टॅग असतील तर त्यातही दोन गोष्टी तपासा. आयडी३ (एमपी३ मधल्या टॅगचा साचा) आवृत्ती २.३ घ्या, कारण गाडीतले बरेच जुने स्टिरिओ २.४ वाचत नाहीत. आणि एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-१६ ठेवा. आयएसओ-८८५९-१ वर राहिलं तर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात, आणि सेव्ह झाल्यावर त्या प्रश्नचिन्हांतून मूळ नाव परत काढता येत नाही.

अनेक गायकांचा संच असेल तर अल्बम आर्टिस्टचा रकानाही तेव्हाच भरा. आकाशवाणी पुणे केंद्रावरून प्रसारित झालेल्या मूळ ‘गीतरामायणा’तली ५६ गीतं वेगवेगळ्या गायकांनी गायली होती. तो रकाना रिकामा राहिला की अनेक प्लेअर गायकागणिक वेगळा अल्बम करतात आणि रामकथेचे तुकडे पडतात. ट्रॅक क्रमांक टॅगमध्ये भरा, फाइलच्या नावातही ०१, ०२ असे दोन अंकी द्या. नाहीतर नावावरून लावणारा प्लेअर १ नंतर १० वाजवेल.