'अहो'चं 'अरे' होताना

आईला कोरियन मालिकांची चटक मीच लावली आणि शिक्षाही मलाच झाली. धावती इंग्रजी सबटायटल्स तिला झेपत नाहीत, म्हणून रोज रात्री मागचं आवरलं की शेजारी बसून मी ती मराठीत सांगते. वाटलं होतं, सोपं काम. पण सबटायटलमध्ये सगळ्यांना एकच 'यू'. आजोबाही यू, साहेबही यू, दारातलं कुत्रंही यू. मराठीत तोंड उघडायच्या आधी ठरवावं लागतं, तू की तुम्ही?

आणि पडद्यावरच्या माणसांनी ते केव्हाच ठरवलेलं असतं! मान राखून बोलायचं ते 'जोन्देन्माल', सलगीचं ते 'बानमाल'. नव्या ओळखीत वय चटकन विचारतात ते म्हणूनच. गाडीला गाडी घासली की भांडण नुकसानभरपाईवरून सुरू होतं आणि दोन वाक्यांत 'बानमाल कुणाशी करतोस?'वर येतं. इंग्रजीत ते वाक्य अगदीच मिळमिळीत होतं. मी मात्र बेधडक म्हणून टाकलं, "ए, अरे-तुरे करायचं काम नाही!" आईने मान डोलावली.

२०१५च्या 'रिप्लाय १९८८'मध्ये सोलच्या एका गल्लीतल्या बायका एकमेकींना मुलांच्या नावाने हाका मारतात, अमक्याची आई, तमक्याची आई. तिथे तर मला कामच उरलं नाही. नवराबायकोतलं 'यबो' ऐकलं, की मी डोळे झाकून 'अहो' म्हणते. तो शब्द 'इकडे बघा'वरून आला म्हणतात. आमच्याकडे 'ऐकलंत का?' होतं, एवढाच फरक.

अडले ते 'ओप्पा'पाशी. मुलीने थोरल्या भावाला म्हणायचा शब्द, आणि तोच प्रियकरालाही. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाने २०२१मध्ये २६ कोरियन शब्द घेतले, त्यात हाही होता. त्यांचं बरं आहे, जसाच्या तसा उचलला. मी पहिल्या दिवशी 'दादा' म्हणून बसले आणि पुढच्याच प्रसंगात त्या दोघांनी पावसात एका छत्रीखाली... आई म्हणाली, "अगं, राखी बांधायची का आता?" तेव्हापासून ओप्पाला ओप्पाच ठेवलंय.

या मालिकांत मला सगळ्यात आवडतो तो प्रसंग छत्रीचा नव्हेच. दोघांपैकी एकजण चाचरत विचारतो, आता बानमाल चालेल का? त्याला 'माल नोता' म्हणतात. शब्दशः, बोलणं खाली ठेवणं. डोक्यावरचा हंडा उतरवून ठेवावा तसं. सबटायटलवाला तिथे 'मोकळेपणाने बोलूया' असलं काहीतरी लिहून मोकळा होतो.

काल नायकाच्या वाक्यांच्या शेवटचा आदराचा 'यो' अचानक गळाला. मी काही सांगायच्या आत आईच म्हणाली, "सुटलं गं बाई एकदाचं अहो-जाहो!"

आतून बाबांनी विचारलं, "काय सुटलं?"

"अहो, तुमचं नाही," आई म्हणाली.