गोदाकाठ ते बालाघाट: पिकअपवर काय चढवावं, काय उतरवावं

आधी निकाल सांगतो, कारण पुढचं सगळं वाचायला प्रत्येकाला वेळ नसतो. बीड जिल्ह्यातल्या गेवराईकडून गोदाकाठच्या राक्षसभुवन, पांचाळेश्वर या बाजूला पिकअप नेणार असाल तर डांबरी रस्त्याने जा, दर्शन घ्या आणि डांबरीनेच परत या. नदीकाठ धरून पाणंदीने, म्हणजे शेतांमधल्या मातीच्या वाटेने, जायची हुक्की आलीच, तर गेल्या चार दिवसांत पाऊस झाला का एवढं चहाच्या टपरीवर विचारा. फोनवरच्या नकाशात ती पाणंद गावच्या रस्त्यासारखी पांढऱ्या रेघेने दाखवलेली आहे. त्या रेघेखाली माती कुठली आहे, हे नकाशा सांगत नाही. आम्हाला पंपावरच्या पोराने "जातंय की, बिनधास्त जावा" म्हणून सांगितलं होतं. तो मोटारसायकलवाला होता, हे नंतर कळलं.

गाडी डबल कॅब, डिझेल, फोर बाय फोर. माणसं पाच: आम्ही दोघं, दोन पोरं आणि आई. संभाजीनगरहून पैठण, गेवराई, मांजरसुंबा, सौताडा असा बेत. जानेवारीची अखेर, म्हणजे हुरड्याचे दिवस. मध्येच एका रात्री अवकाळी आला. फार नाही, पत्र्यावर तासभर वाजला असेल.

निघण्याआधी गाडीवर एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपमध्ये काम करून घेतलं होतं. दोन इंचाची लिफ्ट (सस्पेन्शन बदलून गाडी तेवढी उंच करणं), पुढे-मागे स्टीलचे बंपर, हौद्यावर लोखंडी सांगाडा, त्या सांगाड्यावर उघडणारा तंबू, समोर एलईडी बार. 'फॅमिली एक्सपिडिशन पॅकेज' असं त्याचं नाव आणि साडेतीन लाखांच्या वर बिल. चावी देताना मालक म्हणाले, "साहेब, आता नांगरलेल्या रानातनं काढा, अडकली तर माझं नाव बदला." त्यांचं नाव इथे घेत नाही, पण बदलायला हवं.

ती पाणंद अशी आहे. दोन्ही बाजूंनी ऊस, मधून जेमतेम एका गाडीची वाट. तोडणी सुरू झाली की भरलेल्या ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर याच वाटेने जातात आणि त्यांच्या चाकांच्या दोन घळी पडतात. आम्ही गेलो तेव्हा त्या घळी नडगीएवढ्या खोल होत्या. मधला उंचवटा वरून वाळून टणक झालेला, तळात आदल्या रात्रीचं पाणी. पहिले दोनेकशे मीटर गाडी नीट गेली, मग घळीत उतरली आणि मागचा डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा गोळा) मधल्या उंचवट्यावर टेकला. चारही चाकं फिरतायत आणि गाडी जागची हलत नाही.

लिफ्ट किट विकणारे जे सांगत नाहीत ते इथे सांगून टाकतो. सस्पेन्शनची लिफ्ट गाडीची बॉडी आणि चेसिस उचलते. मागचा अ‍ॅक्सल आणि त्याच्या मधोमध लोंबणारा डिफरन्शिअल जमिनीपासून जितका वर होता तितकाच राहतो. तो उचलायचा तर टायरचा व्यास वाढवावा लागतो, दुसरा इलाज नाही. म्हणजे ज्या घळीत आम्ही टेकलो तिथे त्या दोन इंचांचा उपयोग शून्य. उलट पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढला. एका बाजूचा सीव्ही बूट (शाफ्टच्या सांध्यातलं ग्रीस धरणारं रबरी कव्हर) घरी पोचेपर्यंत फाटला होता आणि ग्रीस रिमवर उडालं होतं.

आता माती. काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. ओली असताना ती टायरला नुसती लागत नाही, टायरवर चढते. एका फेऱ्यात नक्षी बुजते, दुसऱ्या फेऱ्यात टायर गुळगुळीत. मग थरावर थर चढत चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा भरते. लिफ्टने वाढलेली जागाही भरली, एवढाच फरक. मागचं डावं मडफ्लॅप मातीच्या वजनाने बोल्टसकट निघून आलं. मी आतला गोळा सळईने टोकरून काढत होतो तेव्हा त्यात उसाची मुळी, प्लास्टिकचा कप आणि आमच्याच गाडीची प्लास्टिकची क्लिप सापडली.

ट्रॅक्टरवाला अर्ध्या तासात आला आणि उतरायच्या आत सहा हजार म्हणाला. हंगामात त्याची एक खेप बुडते हे मान्य, पण सहा हजार ही लूट आहे. शिवाय त्याच्याकडे लोखंडी साखळी होती आणि तिने झटका देऊन ओढायचा त्याचा विचार होता. हे कोणालाही करू देऊ नका. झटक्याने साखळीची कडी किंवा गाडीचा हुक तुटला तर तो तुकडा काचेतून आत येतो. आई आणि पोरं तेव्हा गाडीतच होती. मी त्यांना आधी उतरवून बांधावर लांब बसवलं. आमची घासाघीस चालली होती तोवर पोरं कंटाळली, म्हणून त्यांना राक्षसभुवनची पेशवे आणि निजामाची लढाई सांगितली. ऑगस्ट १७६३, निजामाची फौज भरल्या गोदावरीने दोन काठांवर विभागली, निजाम पार झालेला, दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे सापडला आणि मारला गेला. धाकट्याने विचारलं, त्यांना ट्रॅक्टर मिळाला नाही का?

शेवटी सोडवलं शेजारच्या शेतातल्या मामांनी. वय सत्तरीचं, हातात विळा. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "अजून वाफसा आला नाही, औत सुदिक कुणी घालीना, अन् तुम्ही हा हत्ती घेऊन आलाव व्हय? आधी त्याच्या पाठीवरचं उतरवा." वाफसा म्हणजे औत घालता येईल इतपत माती सुकणं. हौदा रिकामा केला. पाण्याचे जार, गॅस, पेट्या, बॅटरी, हायलिफ्ट जॅक (लांब दांड्याचा, गाडी उंच उचलणारा), सगळं बांधावर. बोल्ट खोलून तंबू उतरवायला चार माणसं लागली. टायरमधली हवा ३५ वरून १८ पीएसआयवर आणली. डिफरन्शिअलखालची माती फावड्याने मोकळी केली. सगळ्यात जास्त वेळ यात गेला. चाकांखाली तुराट्या, म्हणजे तुरीची वाळलेली खोडं, आडव्या अंथरल्या. लो रेंज (फोर बाय फोरची हळू, जास्त ताकदीची गिअरची जोडी), दुसरा गिअर, अ‍ॅक्सिलरेटर जपून, आणि पुढे न जाता ज्या घळीने आलो त्याच घळीने रिव्हर्स. निघाली. ट्रॅक्टरवाल्याने 'येण्याजाण्याचे' हजार घेतले, मामांनी चहा पाजला.

पऱ्हाट्या अंथरू नका, हे मामांचंच. कपाशीच्या खोडाचं टोक टणक असतं, टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसतं आणि तिथलं पंक्चर निघत नाही.

परतताना गेवराईजवळ एका जिनिंगच्या काट्यावर गाडी तोलली. तुम्ही हे निघायच्या आधी करा. मराठवाड्यात जिनिंग, साखर कारखाना, मोंढा, कुठेही वजनकाटा मिळतो. टाकी फुल, सगळं सामान आणि सगळी माणसं आत ठेवून आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या अ‍ॅक्सलवरचं वजन कळतं. आमचं एकूण वजन आरसीवर छापलेल्या मर्यादेपेक्षा २८० किलो जास्त निघालं आणि वाढलेलं जवळजवळ सगळं मागच्या पाट्यांवर, म्हणजे स्प्रिंगवर. सांगाडा, तंबू आणि मागचा बंपर एवढ्यानेच तो आकडा झाला होता.

तेव्हा सामान घेणाऱ्यांना माझं मत रोखठोक. चांगले ऑल टेरेन (डांबरी आणि कच्चा, दोन्हींना चालणारे) टायर घ्या, तेही कंपनीने दिलेल्याच मापाचे. मड टेरेन, म्हणजे खास चिखलाचे, डांबरीवर आवाज करतात, डिझेल खातात आणि ओल्या काळ्या मातीत शेवटी तेही बुजतात. बॅटरीला थेट चिमटे लावायचा कॉम्प्रेसर घ्या, सिगारेट लायटरवर चालणारा नको. एवढे मोठे टायर भरताना लायटरचा फ्यूज उडतो. चेसिसला बोल्ट केलेले रिकव्हरी पॉइंट (गाडी ओढून काढायचे हुक) पुढे आणि मागे बसवून घ्या. कायनेटिक दोर (ताणला जाऊन झटका पचवणारा), दोन शॅकल (दोर हुकाला अडकवायच्या कड्या), लांब दांड्याचं फावडं. हायलिफ्ट जॅक आमचा विकायला काढलाय. चिखलात त्याला बूड मिळत नाही आणि दांडा उसळून हनुवटीवर बसतो. बंपर आणि लिफ्टवर एक रुपया घालू नका.

कायद्याचंही तेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. पुढच्या लोखंडी बुल बारविरुद्ध कारवाई करा, असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. पॅकेज विकणाऱ्याच्या तोंडून यातलं अक्षर निघत नाही. दंडाचं सोडा, अपघात झाला आणि इन्शुरन्सवाल्याने बदलांवर बोट ठेवलं तर क्लेमसाठी चपला झिजतील.

छतावरचा तंबू फोटोत झकास दिसतो. आईला रात्री शिडी उतरवणं हा काय प्रकार असतो ते मी लिहीत बसत नाही. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर जमिनीवरचा तंबू आणि घडीची खाट. हौद्यात झोपायचं मनात असेल तर टेप लावून बघा. डबल कॅबचा हौदा जेमतेम दीड मीटर असतो, मागचा फळका उघडा ठेवल्याशिवाय मोठ्या माणसाचे पाय मावत नाहीत.

तंबू कुठे ठोकायचा हे रंगावरून ठरवा. बालाघाटाच्या पठारावर मांजरसुंब्यापासून पाटोद्याकडे मुरमाड माळ भरपूर आहे. तांबूस, खडे असलेली, कुसळी गवताची जमीन पावसातही गाडी पेलते. काळी, सपाट आणि भेगाळलेली जागा कितीही गुळगुळीत दिसली तरी नको. जायकवाडीच्या फुगवट्याकाठी तर आणखी जपून. पाणी मागे सरकतं तिथे गाळपेर करतात, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी. वरचा पापुद्रा वाळलेला असतो, त्यावर माणूस चालतो, गाडी मात्र पापुद्रा फोडून खाली जाते. तिथे कुणाचं तरी पीकही असतं. शिवाय तो जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, काठावर वाटेल तिथे मुक्काम चालत नाही. माळावरही मालकाला विचारल्याशिवाय तंबू ठोकू नका. आम्हाला विचारल्यावर कुणी नाही म्हणालं नाही, एकाने तर हुरड्याला बसवून घेतलं.

वाळल्या गवतावर गाडी उभी करताना एक लक्षात असू द्या. बीएस ६ डिझेल गाडीतला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साचलेली काजळी जाळतो तेव्हा सायलेन्सरची नळी प्रचंड तापते. खाली कुसळ किंवा उसाचं पाचट असेल तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. आधी पायाने जागा साफ करा, मग इंजिन बंद करा.

पाणी घरून न्या. पाच जणांना स्वयंपाक धरून दिवसाला पंचवीसेक लिटर लागतं, अंघोळीचा विचार सोडा. २० लिटरचे जार कॅबच्या भिंतीला टेकवून, खाली, मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे बांधा. जिथे एप्रिलनंतर टँकरवर गाव चालतं तिथे हापशावर रिकामे जार घेऊन उभं राहायला मला तरी लाज वाटते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तो हाच मुलूख.

कोरड्या दिवसांत चिखलाऐवजी फुफाटा. हौद्याच्या फळक्याच्या फटींतून तो आत येतो आणि ताडपत्रीखाली साचतो. आमच्या ज्वारीच्या पिठाचा डबा बंद होता, तरी भाकरी दाताखाली कचकचली. फळक्याला तिन्ही बाजूंनी दारासारखं रबर बीडिंग लावून घ्या. दोनशे-तीनशे रुपयांचं काम, आणि सगळ्या कामांत पैसे वसूल झाले ते एवढ्यात.

सौताडा छान आहे, कपिलधारही. रस्ते चांगले, काही घडलं नाही. फक्त सौताड्याचा धबधबा पावसाळ्यातला आहे, जानेवारीत विंचरणेला इतकं कमी पाणी असतं की पोरं "कुठंय?" विचारत राहतात. खाली रामेश्वरापर्यंत पायऱ्या आहेत, आईसाठी सावकाश उतरलो.

घरी पोचायच्या आधी गाडी धुऊन घ्या. रिमच्या आतल्या बाजूला माती वाळली की ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि माणूस उगाच अलाइनमेंटला पैसे घालतो. बीड बायपासला वॉशिंगवाल्याला सांगितलं, खालून मार, रेडिएटरच्या जाळीवर प्रेशर कमी ठेव, चारही रिम आतून. तो दोनशे जास्त म्हणाला. ते मी घासाघीस न करता दिले.