मुरुंगनच्या काळ्या मातीतला पाया

श्रीलंकेच्या मन्नार जिल्ह्यात मुरुंगनच्या आसपासची जमीन थेट आपल्या परभणीकडच्यासारखी काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ऑक्टोबरात पाऊस लागला की तीच माती फुगून वर येते. मे २००९ मध्ये युद्ध संपल्यावर विस्थापित कुटुंबं इथे परतू लागली. भारत सरकारच्या गृहप्रकल्पातून नव्या घरासाठी साडेपाच लाख श्रीलंकन रुपये टप्प्याटप्प्याने थेट घरमालकाच्या खात्यात यायचे. बांधकाम कुटुंबानंच करवून घ्यायचं. आमचं, म्हणजे प्रकल्पाच्या इंजिनिअरांचं काम टप्पा तपासून पुढच्या हप्त्याची शिफारस करण्याचं.

एका सप्टेंबरात एका विधवा बाईंच्या प्लॉटवर पायाची आखणी पाहायला गेलो. फक्की मारून, म्हणजे पांढऱ्या पुडीने रेषा आखून, चर खणायला घेतला होता. टेप लावला तर ३० बाय २७ फूट, म्हणजे ८०० चौरस फुटांच्या वर. अनुदान मात्र साधारण ५५० चौरस फुटांपुरतं. हे उत्तरेत जागोजागी व्हायचं आणि त्याला कारण होतं. तिथल्या तमिळ घरांत लेकीला लग्नात घर द्यायची रीत आहे, त्यामुळे आई घर स्वतःपुरतं बांधतच नाही. मग काम लिंटलपर्यंत, म्हणजे दाराखिडक्यांवरच्या आडव्या पट्टीपर्यंत येतं, पैसे संपतात, दागिने गहाण पडतात आणि कुटुंब बिनछपराच्या भिंतींशेजारी ताडपत्रीत राहतं.

“अम्मा, खोली कमी नाही करत, नंतर बांधू,” असं दुभाष्यामार्फत समजावलं. आखणी २४ बाय २३ वर आणली. मागच्या भिंतीत दाराएवढ्या जागेवर लिंटल टाकून ठेवायची आणि खालचा भाग कच्च्या गाऱ्यात भरायचा, म्हणजे पुढे भिंत न हलवता तिथून खोली काढता येते. नव्या खोलीचा पाया जुन्याला जखडायचा नाही. काळ्या मातीत दोन्ही सारखे खचत नाहीत, म्हणून मध्ये सांधा मोकळा हवा.

चर दीड फूटच खोल होता. तेवढ्या खालीही भेगा स्पष्ट दिसत होत्या. भेगा संपून बारमाही ओल लागेपर्यंत जायलाच हवं, ती तिथे चार फुटांवर लागली. तळाला सहा इंच वाळू पाणी मारून ठोकायची, त्यावर डबराचं, म्हणजे ओबडधोबड दगडांचं बांधकाम, वर जोत्याचा बीम: १२ मिमीच्या चार सळया, ६ मिमीच्या रिंगा सहा-सहा इंचांवर. सळईचा सांगाडा बाजूला बांधून ठेवला होता. कोपऱ्यात सळया सरळ कापून एकमेकींवर नुसत्या टेकवल्या होत्या. माती फुगली की पहिली फट तिथेच पडते. फिटरला सांगून प्रत्येक सळई काटकोनात वाकवून दुसऱ्या बाजूला दोन फूट नेऊन बांधून घेतली. खणलेली माती जोत्यात परत टाकायची नाही, हेही बजावलं. ती फुकट असते म्हणून लोक हमखास टाकतात आणि पहिल्याच पावसाळ्यात फरशी मधोमध उचलते. भर मुरमाचीच हवी.

पण काम थांबवावं लागलं ते हद्दीमुळे. शेजारचं मुस्लिम कुटुंब ऑक्टोबर १९९० मध्ये लिट्टेने उत्तरेतून मुसलमानांना हाकललं तेव्हा पुत्तलमला गेलेलं, दोन दशकांनी परतलेलं. मधल्या काळात कुंपण गेलं, रान माजलं, कागद दोघांचेही हरवले. बाईंचा पूर्वेकडचा चर शेजाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या जमिनीत जात होता. वादाच्या रेषेवर आपण हप्ता सोडला तर आपणच एक बाजू घेतली असं होतं. शिवाय काँक्रीट पडलं की माघार घ्यायला कुणालाच जागा उरत नाही. म्हणून तपासणी फॉर्मवर सही केली नाही.

निकाल देणं इंजिनिअरचं काम नव्हे. ग्राम निलधारी, गावसमितीचे लोक आणि दोन्ही घरं अशी सगळी प्लॉटवर जमली. ग्राम निलधारी म्हणजे आपले तलाठी आणि ग्रामसेवक एकत्र मानावेत असा अधिकारी. मोजणीचा एक दगड झुडपात सापडला, दुसरा नाहीच. दोघांनाही मान्य असलेली खूण एकच होती, युद्धाआधी दोन्ही घरं पाणी भरायची ती विहीर. विहिरीत दारूगोळा टाकलेला असू शकतो, त्यामुळे सुरुंग काढणाऱ्यांनी तपासल्याशिवाय कुणी वाकायचंही नाही, असं आधी ठरलं. मग कठड्याच्या मध्यापासून सापडलेल्या दगडापर्यंत सूतदोरी ताणली. दोरीच्या दोन्ही अंगांना तीन-तीन फूट मोकळे सोडून सहा फुटांची पाणंद ठेवायचं शेजारच्या म्हाताऱ्यांनी सुचवलं आणि बाईंनी लगेच मान्य केलं. घर लहान केल्यामुळेच ती जागा निघाली, नाहीतर पूर्वेची भिंत तिथेच आली असती.

नकाशा जागेवर काढला, मापं लिहिली, दोघांच्या आणि ग्राम निलधारींच्या सह्या घेतल्या, तिघांना एकेक प्रत दिली. मग ६-८-१० चा गुण्या लावून, म्हणजे कोपरे काटकोनात आणून, नवी फक्की मारली. पाऊस तोंडावर होता आणि त्या भागात गवंडी मिळणं मुश्कील, म्हणून दोन्ही घरांनी एकच टोळी ठरवली: आधी बाईंचं जोतं, त्यावर पाणी मारणं चालू असताना शेजारच्यांचा चर.